मामांच्या गाडीला उचक्या

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या सिग्नलला अडकले होते, तेवढ्यात मामेभावाचा मेसेज आला. कोऱ्याकरकरीत पांढऱ्या पिकअपचा फोटो, खाली ईएमआयचा आकडा आणि शेवटी एक ओळ : 'आक्का, आबांना आता तूच सांग. माझं ऐकत नाहीत.'

आबा म्हणजे माझे मामा. गाव राधानगरी तालुक्यात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण आणि त्याचे पाऊस वाढला की आपोआप उघडणारे सात दरवाजे तुम्ही निदान टीव्हीवर तरी पाहिले असतील. दर पावसाळ्यात 'कितवा दरवाजा उघडला' यावर सगळ्या कोल्हापूरचा जीव टांगलेला असतो. मामांचा जीव मात्र बाराही महिने त्यांच्या पिकअपमध्ये. २००८ चं मॉडेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. या गाडीनं गूळ, कांदा-बटाटा, भाजी घेऊन फोंडा घाट उतरायचा, कणकवलीला माल टाकायचा आणि मे महिन्यात येताना हापूसच्या पेट्या घेऊन घाट चढायचा. वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा या आंब्याच्या पाच-सहा आठवड्यांत येतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गाडी बिनसली होती.

तक्रारी दोन. एक, गाडी थरथरते. दोन, उचक्या देते. म्हणजे चढावर चालता चालता एकदम मरगळते, हिसका मारून पुढं जाते, पुन्हा मरगळते. आदल्या मंगळवारी तर भर घाटात इंजिन बंदच पडलं आणि पेट्यांनी भरलेली गाडी तीन-चार फूट मागं घरंगळली. मागं एसटी होती. भावानं ब्रेकवर उभं राहून, हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली आणि एसटीच्या कंडक्टरनं पळत येऊन चाकाला दगड लावला. हे त्यानं मला फोनवर हसत हसत सांगितलं. पण बॉस, हा हसण्याचा विषय नाही. अशा डिझेल गाडीत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम इंजिनवरच्या पंपातून येतो. इंजिन मेलं की एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल दगड होतं.

शहरातल्या एका गॅरेजनं डिझेल पंप, नोझल आणि क्लच असं मिळून ४० हजारांचं एस्टिमेट दिलं होतं. एक एजंट 'जशी आहे तशी' दीड लाखाला मागत होता. भावाचं म्हणणं सरळ होतं : विका, कर्ज काढा, नवी घ्या. मामांचं म्हणणं त्याहून सरळ होतं : न्हाई.

आता यात मला कुणी का विचारावं? मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. गाडीतलं मला पेट्रोलचा काटा आणि ब्लूटूथ एवढंच कळतं. पण आठ वर्षं मी एकाच प्रश्नाचा पगार घेते आहे : 'नक्की केव्हा होतं?' डेव्हलपर म्हणतो, माझ्या मशीनवर चालतंय. क्लायंट म्हणतो, कधीच चालत नाही. दोघंही खोटं बोलत नसतात आणि दोघांचंही खरं नसतं.

शनिवारी सकाळी कोल्हापूर सोडून रंकाळ्याच्या कडेनं निघाले. हळदी, परिते, भोगावती कारखाना, दोन्ही बाजूंना ऊस. दुपारी मामीच्या हातची भाकरी आणि खरडा खाल्ल्यावर भावाला ओट्यावर बसवलं आणि वही काढली.

"थरथर केव्हा होते?"

"सारखीच."

"सारखी म्हणजे उभ्या गाडीतही?"

"न्हाई, तसं न्हाई. पस्तीसच्या वर."

"स्टेअरिंगला जाणवते का सीटला?"

विचार केला त्यानं. सीटला. पायाखालच्या पत्र्याला. स्टेअरिंग गप्प असतं. भरलेल्या गाडीत जास्त की रिकाम्या? इथं तो थांबला आणि स्वतःच चकित झाला. रिकाम्या गाडीत जास्त! केव्हापासून? दिवाळीपासून. दिवाळीत काय झालं होतं? काही नाही. मग घरातून मामी ओरडली, "त्यो क्रॉस न्हाई का बदलला, रस्त्यात मोडला हुता तवा?"

आणि उचक्या? त्याही दिवाळीपासून? नाही. त्या आत्ता आंबा सुरू झाल्यापासून. घाटातच. येताना. थांबून दहा मिनिटं चहा प्यायला की गाडी पुन्हा ठीक.

वहीत मधे उभी रेघ मारली. दोन वेगळ्या तारखा, दोन वेगळ्या वेळा. गेले पंधरा दिवस हे घर आणि ते गॅरेज 'गाडी हादरते' या एकाच वाक्यात दोन आजार बघत होतं.

रविवारी पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी मी चालवायला घेतली. मामा शेजारी, भाऊ मागं हौद्यात. गाडी चाळीसला नेली. आली थरथर. आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट, तुमच्या सेकंडहँड हॅचबॅकलाही लागू पडणारी : त्याच वेगाला क्लच दाबा, गाडी न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. (सपाट, मोकळ्या रस्त्यावरच. घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर हा प्रयोग केलात तर माझं नाव सांगू नका.) थरथर गेली, तर दोष इंजिनकडं, म्हणजे त्याची माउंटिंग रबरं, क्लच, एखादा न चालणारा सिलिंडर. थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. गुन्हेगार गिअरबॉक्सच्या मागं कुठंतरी, शाफ्ट, अ‍ॅक्सल नाहीतर चाकं.

तशीच राहिली. म्हणजे एस्टिमेटमधला क्लच निदान थरथरीसाठी तरी बाद.

मग मी फोन काढला. तुमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारा जो सेन्सर असतो, तो कंपनंही मोजतो. फुकटातलं अ‍ॅप सेकंदाला किती कंपनं होतात त्याचा आलेख काढतं. फोन सीटच्या पायाला टेपनं चिकटवला आणि पुन्हा चाळीस. गणित मी आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं. चाकाचा घेर साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर, म्हणजे ताशी चाळीसला चाक सेकंदाला पाचेक फेऱ्या घेतं. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गती सव्वाचारपटीच्या आसपास बदलते, म्हणजे शाफ्ट सेकंदाला साधारण तेवीस. आलेखात पाचवर उंचवटा आला तर चाक, तेवीसवर आला तर शाफ्ट. सोप्पं!

उंचवटा आला शेहेचाळीसवर.

मी बुचकळ्यात. मामा मात्र डोळे मिटून, पत्र्यावर तळवा टेकवून बसले होते. म्हणाले, "चाकाचं असतं तर धडधडलं असतं. ह्ये गुणगुणतंय. डब्यात भुंगा कोंडल्यागत. खालचा शाफ्ट बघाय पायजे."

सेन्सर, अ‍ॅप, रात्रीचं गणित आणि मामांचा तळवा, चौघांचंही बोट एकाच बाजूला. फरक इतकाच, की मामांना चार्जिंग लागत नाही.

दुपारी गावातले म्हातारे मेस्त्री आले. पहिला अर्धा तास ते माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मामांकडं बघून देत होते. मी तक्रार करत नाही, सांगते फक्त. मग ते गाडीखाली सरकले आणि 'बॅटरी धरा' म्हणाल्यावर मीच त्यांच्या शेजारी सरकले, कारण भाऊ गायब झाला होता. तिथून पुढं आम्ही मित्र.

त्यांनी शाफ्ट हातानं पिळून बघितला. क्रॉसमध्ये खेळ नाही. सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत. शाफ्टला कुठं पोचा नाही. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं शाफ्टवरचा ग्रीस-मातीचा थर पुसायला लागले आणि एका जागी थांबले. "ताई, हितं बघा."

शाफ्ट एकसंध नसतो. दातेरी सळई दातेरी नळीत सरकते अशी जोडी असते, कारण खड्ड्यात अ‍ॅक्सल वर-खाली झाला की शाफ्टची लांबी बदलावी लागते. दोन्ही तुकड्यांवर कंपनीनं एकेक बाण ठोकलेला असतो. बाणासमोर बाण यायला हवा. इथं एक बाण समोर होता आणि दुसरा चांगला बोटभर बाजूला. दिवाळीत रस्त्यात क्रॉस बदलताना कुणीतरी शाफ्ट उपसून काढला, काम केलं आणि घाईत जसा बसला तसा घुसवला. क्रॉस उत्तम बसवला होता. बाण बघितला नव्हता.

पण बाण इतका महत्त्वाचा का? मेस्त्रींनी दोन बोटांच्या दोन कात्र्या करून समजावलं आणि माझं शेहेचाळीसचं कोडंही सुटलं. गिअरबॉक्स वर, अ‍ॅक्सल खाली, म्हणून मधला शाफ्ट तिरका. तिरक्या जोडाला क्रॉस लागतो. आणि क्रॉसची खोड अशी, की अलीकडची दांडी कितीही एकसारखी फिरली तरी पलीकडची एका फेरीत दोनदा पुढं पळते आणि दोनदा रेंगाळते. फेऱ्या तेवीस, हेलकावे शेहेचाळीस! यावरचा उपाय म्हणजे शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस. पहिल्यानं केलेला घोळ दुसरा उलटा घोळ करून निस्तरतो. अट एकच, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. बाण चुकला की चिमटे चुकले, आणि मग दोन घोळ एकमेकांना खोडण्याऐवजी अंगाला येतात. रिकाम्या गाडीत थरथर जास्त का, तेही यातच. ओझं नसलं की पाटे गाडीला उचलून धरतात, शाफ्ट जास्त तिरका होतो. माल भरला की गाडी बसते, कोन कमी होतो.

हा जोड इंग्रजीत ज्याच्या नावानं ओळखला जातो तो सतराव्या शतकातला रॉबर्ट हूक. होय, तोच. शाळेत स्प्रिंगचा नियम पाठ करायला लावणारा आणि बुचाच्या कापात 'सेल' बघणारा. युरोपात याच जोडाला सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञावरून कार्डन म्हणतात. दहावीत हूकसाहेबांच्या नावानं मी किती बोटं मोडली होती! राधानगरीत मातीत पाठ टेकून त्यांची माफी मागितली.

शाफ्ट काढला, बाणासमोर बाण आणला, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. सुटे भाग शून्य रुपयांचे. संध्याकाळी चाळीस, पन्नास, साठ. गाडी गप्प. मागं हौद्यात उभा असलेला भाऊ पण गप्प.

मग उतरून म्हणाला, "आणि उचक्या?"

उचक्यांवर त्याचं स्वतःचं निदान पक्कं होतं : डिझेलमध्ये भेसळ. पुरावाही होता. "टाकी फुल्ल केली की हमखास घाटात त्रास. अर्ध्या टाकीवर आलो की काय न्हाई. म्हंजे त्यांच्या डिझेलातच पाणी." त्यासाठी त्यानं दोनदा पंप बदलला होता, फिल्टर दोनदा टाकला होता आणि एका पंपावर भांडूनही आला होता. मला हे पटलं होतं, प्रामाणिकपणे सांगते. वहीत 'फुल्ल टाकी' याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढं लिहिलं होतं 'भेसळ?'

डिझेल गाडी चढावर उचक्या देते तेव्हा बहुतेक वेळा ती उपाशी असते. इंजिनला जोर लावायला जास्त डिझेल हवं आणि ते पोचत नाही. फिल्टर तुंबलेला, टाकीतली जाळी तुंबलेली, रबरी पाइपला चीर पडून लाइननं हवा घेतलेली, फीड पंप थकलेला. नव्या बीएस-सिक्स गाडीला स्कॅनर लावला की निदान कोड तरी दिसतो, तपासाचा धागा मिळतो. २००८ च्या गाडीला कोड नाही, कान आहेत. गॅरेजनं सगळ्यात महाग अवयवावर, म्हणजे मुख्य पंपावर, बोट ठेवलं होतं. मी मेस्त्रींना म्हटलं, टाकी बाजूला ठेवून कॅनमधून थेट डिझेल दिलं तर? कॅनवर गाडी नीट चालली तर इंजिन-पंप सुटले, दोष टाकीत किंवा लाइनमध्ये. ते खूश झाले. "करू की. पण त्येच्या आदी एक करा. उचकी आली की इंजिन बंद करू नका. खाली उतरून टाकीचं झाकण उघडा. हळू उघडा. आवाज ऐका."

सोमवारी मी ऑफिसला 'वर्क फ्रॉम होम' कळवलं. (घर मामांचं होतं, खोटं काय त्यात?) गुळाच्या ढेपा भरून निघालो. दाजीपूरच्या जंगलातून जाताना गव्यांच्या पाट्या लागतात. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल, पुढं १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य केलं. एरवी मी थांबून फोटो काढले असते. त्या दिवशी लक्ष काट्यावर. घाट उतरलो, कणकवलीला माल टाकला, पेट्या भरल्या, टाकी मुद्दाम फुल्ल केली. फोंड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. घाट सुरू झाला. सहावं की सातवं वळण असेल, भावानं सेकंड टाकला आणि आली पहिली उचकी. दुसरी. जरा रुंद जागा बघून त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मी उडी मारून चाकाला दगड लावला. इंजिन फटफट करत मरायला टेकलेलं. मी झाकणाला हात घातला आणि हळू फिरवलं.

स्स्स्स्स्.

बाहेरून आत. टाकीनं अक्षरशः श्वास घेतला. दोन-तीन सेकंदांत इंजिनची फटफट थांबली आणि ते एकसुरात चालायला लागलं.

झाकण हातात आलं आणि त्यासोबत झाकणाखाली अंथरलेली दुधाची रिकामी पिशवी. दुहेरी घडी घातलेली.

टाकीतून डिझेल वापरलं गेलं की रिकामी झालेली जागा भरायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. पिशवीनं ते भोक बंद केलं आणि कडाही सील केल्या. बाटलीला तोंड लावून सरबत ओढत राहिलात तर थोड्या वेळानं बाटलीच तुमची जीभ ओढायला लागते, तसं. आता फुल्ल टाकीचं बघा. अर्ध्या टाकीत वर वीस-पंचवीस लिटर हवा असते. त्यातून दोन लिटर डिझेल गेलं तर हवा जेमतेम विरळ होते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा दोन-तीन लिटरच. तेच दोन लिटर डिझेल गेलं की तिला जवळजवळ दुप्पट जागा व्यापावी लागते आणि फीड पंपाला ओढता ओढता दम लागतो. दहा मिनिटं चहाला थांबलं की हवा कुठून तरी झिरपून आत येते आणि गाडी 'आपोआप' बरी. गॅरेजमध्ये अर्ध्या टाकीवर, सपाट रस्त्यावर ही भानगड कधीच दिसली नसती. पंपवाल्याचं डिझेल स्वच्छ होतं. भाऊ ज्याच्याशी भांडून आला होता त्याची आठवण त्याला तिथंच झाली असावी, कारण तो कान खाजवत दरीकडं बघत राहिला.

"ही पिशवी कुणी लावली?" मी विचारलं.

"आबांनी. गेल्या पावसाळ्यात. झाकणाचं वायसर गेलंय, पाणी जायला लागलं म्हणून." मग जरा थांबून, "डिझेल भरताना मीच काढतो आणि मीच परत लावतो. रोजची सवय."

पावसाळ्यात भरल्या गाडीनं घाट चढायचं काम फारसं नव्हतं, म्हणून पिशवी गप्प बसली होती. आंब्यानं तिला बोलतं केलं. उरलेला घाट पिशवीशिवाय चढलो. एक उचकी नाही. वर दाजीपूरला चहा प्यायलो, तोही गरज म्हणून नव्हे.

घरी पोचलो तेव्हा मामा अंगणात होते. भावानं काही न बोलता पिशवी त्यांच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. "मग पंपाचं न्हाई म्हणा की," एवढंच. पिशवी कुणी लावली हा विषय त्यांच्याकडून निघाला नाही, आणि मामीनं एकदा तोंड उघडलं होतं पण माझ्याकडं बघून मिटलं.

नव्या गाडीचा विषय संपलाय असं समजू नका. रात्री जेवताना भावानं पुन्हा ईएमआय काढला. दरवर्षीचं पासिंग, पार्ट शोधत फिरणं, घाटात मागं एसटी असताना पोटात पडलेला गोळा, यातलं काहीच खोटं नाही. त्याची बाजू मला आता जास्त कळते, कारण तो दगड मीही लावलाय. मामा म्हणाले, "हा सीझन जाऊ दे." भाऊ म्हणाला, "मागच्या सीझनलाबी हेच म्हणला हुता." मग दोघं बराच वेळ आमटी भुरकत राहिले.

मंगळवारी सकाळी निघताना मी कोल्हापुरातून मागवलेलं नवीन झाकण मामांच्या हातात दिलं. भोकाचं, वायसर असलेलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, भोकातून फुंकर मारली, टाकीवर बसवलं, दोनदा फिरवून खात्री केली. मग खिशातून ती दुधाची पिशवी काढली, मांडीवर ठेवून नीट घडी केली आणि गाडीच्या कप्प्यात सरकवली.

"मामा!"

"असू दे गं," ते म्हणाले. "पावसात लागंल."